साटीनच्या नाजूक वस्तूंची निगा

प्रस्तावना

समारंभात मिरवायचा बटवा, केसांची फीत, गळ्याभोवतीचा रुमाल, उशीचा अभ्रा अशा साटीनच्या वस्तू अनेक घरांत असतात. त्या महाग असतातच असे नाही. परंतु चुकीच्या पद्धतीने धुतल्यास त्यांची गेलेली चमक सहसा परत येत नाही. म्हणून धुण्यापूर्वी वस्तू नीट ओळखणे आवश्यक असते. ती कशी ओळखावी व कशी धुवावी, हे प्रस्तुत पाठात आपण पाहू.

१. साटीन म्हणजे काय?

साटीन हे धाग्याचे नव्हे, तर विणीचे नाव आहे. साध्या विणीत उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून व खालून आळीपाळीने जातो. साटीनमध्ये तो चार किंवा अधिक आडव्या धाग्यांवरून सलग जाऊन मग एकाच धाग्याखाली दडतो. पृष्ठभागावरील या लांब, मोकळ्या धाग्यांवरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो व कापड चमकते. मात्र हेच धागे नखात वा अंगठीत अडकून ओढले जातात. ज्या गुणामुळे साटीन सुंदर दिसते, त्याच गुणामुळे ते नाजूकही ठरते. जुन्या मराठीत या कापडाला ‘अतलस’ म्हणत. गुजरातमधील ‘मशरू’ हे कापडही याच विणीचे असून त्याची रेशमी बाजू बाहेर व सुती बाजू अंगाकडे येते.

२. धागा ओळखा

रेशीम केसांप्रमाणेच प्रथिनांचे बनलेले असते. त्यामुळे धुण्याचा सोडा, क्लोरीनयुक्त विरंजक आणि विकरे असलेली धुण्याची पावडर त्याला अपायकारक ठरते. पॉलिएस्टर पाणी व साबण सहज सोसते, परंतु फार तापलेल्या इस्त्रीने वितळते. अ‍ॅसिटेटचे साटीन नखांचा रंग काढण्याच्या द्रवातील अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते.

शिवणीतून सुटलेला एक धागा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून जाळावा. रेशमाला जळत्या केसांचा वास येतो व राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

३. धुण्याची रीत

(अ) ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने आतील कोपरा दाबून पाहावा. फडक्याला रंग लागल्यास वस्तू घरी धुऊ नये.
(आ) पुठ्ठा, डिंक किंवा जर असलेला बटवा पाण्यात बुडवू नये. तो मऊ, कोरड्या फडक्याने पुसावा.
(इ) गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात थोडा सौम्य द्रव साबण मिसळावा. गडद रेशमासाठी रिठ्याचे गाळलेले पाणीही चालते. फिकट रंगावर मात्र त्याची पिवळसर झाक येऊ शकते.
(ई) वस्तू तीन ते पाच मिनिटे हलक्या हाताने हलवावी. ब्रशने घासू नये व पिळू नये.
(उ) स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा खळबळून टॉवेलात गुंडाळावी व अलगद दाबावी.

४. वाळवणे व जपणे

उन्हाने रेशमाचा रंग उडतो व धागा कमकुवत होतो. म्हणून वस्तू सावलीत सपाट पसरून वाळवावी. किंचित दमट असताना उलट बाजूने, मंद इस्त्री करावी. कोरड्या रेशमावर पाणी शिंपडू नये, डाग पडतात. अत्तर कपड्यावर न लावता अंगाला लावून, ते वाळल्यावर वस्तू वापरावी. शेवटी ती मलमलीत गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी येते.

लक्षात ठेवा

आधी ओळख, मग चाचणी आणि त्यानंतरच पाणी, हा क्रम पाळल्यास साधी फीतही वर्षानुवर्षे टिकते.

पाठगत प्रश्न

१. साटीन नाजूक का असते, ते विणीच्या आधारे दोन वाक्यांत लिहा.
२. रेशमासाठी विकरे असलेली पावडर का टाळावी?
३. तुमच्या घरातील एका नाजूक वस्तूची निगा कशी घ्यावी, याच्या सूचना क्रमाने लिहा.