दूध पिण्यात हिंसा कसली?

प्रश्न : मांसासाठी जनावर मारावे लागते, हे कळते. पण धार काढल्याने गाय मरत नाही. उलट काढली नाही तर तिची कास दुखते. मग व्हीगन मंडळी दुधालाही नको का म्हणतात?

उत्तर : शंका रास्त आहे. धार काढल्याने गाय मरत नाही, हे खरेच. व्हीगनांचा आक्षेप असतो तो धारेच्या आधी आणि नंतर जे घडते त्याला.

पुष्कळांना वाटते, गाय बारा महिने दूध देतेच. तसे नाही. सुमारे नऊ महिने गाभण राहून ती व्याली, की दूध सुरू होते. साधारण दहा महिन्यांत ते आटते. पुन्हा दूध हवे तर पुन्हा गाभण घालवावी लागते. म्हणजे प्रत्येक वेतामागे एक वासरू आलेच.

यांतली जवळजवळ निम्मी वासरे नर. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होऊन तो औताला लागे. आता ट्रॅक्टर आले आणि कृत्रिम रेतनामुळे वळूचीही फारशी गरज उरली नाही. संकरित गोऱ्ह्याला तर जू पेलायला नीट वशिंडही नसते. मग त्याला पोसणे परवडत नाही. भाकड जनावराचेही तेच. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे अनेक जनावरे मोकाट सुटतात. म्हशी-रेडे या बंदीत येत नाहीत. आपल्याकडून परदेशी जाणारे ‘बीफ’ त्यांचेच असते. गोठ्याचा आणि कत्तलखान्याचा संबंध इथे जुळतो.

आता दुखणाऱ्या कासेबद्दल. वासराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त दूध देणारी जनावरे माणसानेच निवडून पैदा केली, वासराला तोडलेही त्यानेच. दुखणे खरे, पण ते आपणच ओढवलेले.

मग व्हीगन पूर्ण अहिंसक म्हणायचे का? नाही. सोयाबीनच्या शेतातही नांगराखाली आणि फवारणीत जीव मरतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेली व्हीगन सोसायटीसुद्धा प्राण्यांचे शोषण ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ टाळा, एवढेच सांगते. शिवाय दूध सोडणाऱ्याला बी-१२ जीवनसत्त्व वेगळे घ्यावे लागते, तेही ध्यानात असू द्या.

मुख्यतः कालवडीच जन्माव्यात अशा रेतमात्रा आता मिळतात. त्यांनी गोऱ्ह्यांचा प्रश्न हलका होईल, भाकड गाईंचा नाही. दूध सोडायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. मात्र ठरवण्याआधी आपल्या दूधवाल्याला एवढे विचारा : गोऱ्ह्यांचे आणि भाकड जनावरांचे तुम्ही काय करता?