अण्णांसाठी माणूस शोधताना

चि. केतकीस,


उजव्या बाजूच्या पक्षाघातानंतर दवाखान्यात असलेल्या अण्णांना मंगळवारी घरी सोडणार असल्याचं कळलं. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी बहुतेक घरांत एकच धांदल असते. वॉर्डातल्या मावशींकडून घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर घ्यायचा, फोन फिरवायचा आणि सकाळी आठला जो कोणी दारात उभा राहील त्याच्या हाती घरचं माणूस सोपवायचं. तुला बंगळुरूला परतायचं आहे, त्यामुळे तुझी घाई समजते. तरी फोन करण्याआधी अण्णांचा दिवस कागदावर मांड.

ते उठतात कधी, रात्री लघवीला किती वेळा जातात, उपाशीपोटी घ्यायची गोळी कोणती, पाणी पिताना ठसका लागतो का, पलंगावरून खुर्चीत बसवायला एक माणूस पुरतो की दोन लागतात, हे सगळं लिही. नर्स हवी की मदतनीस, बारा तासांची ड्यूटी पुरेल की रात्रीही कोणी लागेल, याचं उत्तर त्या कागदातच मिळतं.

ब्युरोवाले सरसकट ‘सिस्टर पाठवतो’ म्हणतात. पण नर्सिंगमधला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि त्यावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. असं शिक्षण झालेली सिस्टर वेगळी आणि काही दिवसांच्या प्रशिक्षणावर कामाला लागलेली व्यक्ती वेगळी. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं ही नर्सची कामं. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं, चालवणं हे कसलेला मदतनीस उत्तम करतो. अण्णांना नळी नाही, जखम नाही. त्यांना असा मदतनीस पुरेल. नर्स आहे असं सांगून कोणी जास्त दर लावला, तर नोंदणीपत्र पाहायला मागायचं.

ब्युरोच्या भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा कागद लावलेला असतो. धंद्याची नोंद झाली आहे, एवढंच त्यातून कळतं. येणाऱ्या माणसाचं कसब कुणी तपासलंय, असा त्याचा अर्थ नाही. ते घरीच तपासावं लागतं.

पहिल्या दिवशी त्या माणसाला म्हणायचं, ‘अण्णांना उठवून बसवून दाखवा.’ जाणकार माणूस आधी अण्णांशी बोलेल: ‘अण्णा, आता कुशीवर वळवतो हं.’ मग गुडघे दुमडून त्यांना कुशीवर घेईल, पाय पलंगावरून खाली सोडेल आणि खांद्यामागे हात घालून सावकाश बसतं करेल. चाकाची खुर्ची आधीच ब्रेक लावून धडधाकट, म्हणजे डाव्या बाजूला ठेवलेली असेल. नवखा माणूस सरळ उजवा हात धरून ओढेल. पक्षाघातानंतर त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढल्याने सांधा निसटू शकतो आणि नवं दुखणं मागे लागतं. पाणी पाजताना अण्णांना ताठ बसवलंय की आडवंच ठेवलंय, तेही पाहा. आणि दिवसाचा बराच वेळ अंथरुणात जाणार असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचांवर लाली दिसतेय का ते रोज बघायचं, हे त्याला न सांगता माहीत असलं पाहिजे.

अण्णांना शब्द सापडत नाहीत, म्हणून त्यांना कळत नाही असं धरून चालू नकोस. आंघोळ घालायला बाई चालतील की पुरुष मदतनीसच हवा, हे त्यांनाच विचार. मान हलवून ते सांगतील. खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर त्यांची संमती घे, येणाऱ्या माणसालाही सांग. आंघोळ आणि कपडे बदलण्याच्या जागी तो नकोच.

पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी आणि लेखी व्हावं. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार आणि किती तासांत? अण्णा पुन्हा दवाखान्यात दाखल झाले तर डिपॉझिटचं काय? आपण भरलेल्या पैशांतले त्या माणसाच्या हातात किती पडतात? आमच्या शेजारी काकांना सांभाळणाऱ्या मावशी ऐन दिवाळीत गावी गेल्या, ब्युरोने फोन उचलणंच बंद केलं आणि ऐंशीच्या घरातल्या काकूंनी एकटीने काकांची कूस बदलली. त्यांच्या करारात बदलीचा उल्लेखच नव्हता.

माणसाची ओळखपत्रं घे, पोलीस ठाण्यात नोंद कर. एटीएम कार्ड आणि ओटीपी कुणाच्याही हाती नको. पण संशयानेच सुरुवात करू नकोस. चोवीस तास राहणाऱ्या माणसालाही झोप लागते, गरम जेवण लागतं, आठवड्याची सुट्टी लागते. रात्रभर जागलेला माणूस सकाळी अण्णांना बाथरूममध्ये नेताना स्वतःच अडखळेल. रात्रीचं उठणं जास्त असेल तर दोन पाळ्या लाव. खर्च वाढतो, पण तो अण्णांच्या सुरक्षिततेचाच आहे.

ब्युरोची चौकशी इंटरनेटवरच्या ताऱ्यांपेक्षा आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात कर. तिथल्या मंडळींनी ही सेवा घरी घेतलेली असते आणि ती स्पष्ट बोलतात. छळ किंवा फसवणुकीची शंका आली तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो नंबर अण्णांच्या फोनमध्ये आत्ताच घालून ठेव.

तू परत जाण्याआधी निदान दोन दिवस नवा माणूस आणि तू घरात एकत्र असा. तारीख ठरली की कळव, दुपारच्या वेळा मी सांभाळेन.

तुझी,
आत्या