फ्ल्यूचे गणित आणि शरीराची स्मृती

"गेल्या वर्षी मुलाला फ्ल्यूची लस दिली होती, यंदा पुन्हा कशासाठी?" महाराणा प्रताप नगरातील दवाखान्यात पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे, तसेच गणितातही आहे.

साथींच्या गणिताचे मुंबईशी जुने नाते आहे. केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलेले प्रतिमान १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांशी ताडून पाहिले होते. (मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर, म्हणजे आपल्याच पेशातले!) त्यांनी समाजाचे तीन भाग कल्पिले : रोग होऊ शकणारे, बाधित, आणि बरे होऊन वा मृत्यूने साखळीबाहेर गेलेले.

गोवराला हा हिशेब पुरतो, कारण एकदा गोवर झाला की संरक्षण बहुधा आयुष्यभराचे असते. फ्ल्यूचा विषाणू मात्र सतत थोडेथोडे रूप पालटतो. जुन्या रूपाविरुद्धची प्रतिकारशक्ती नव्या रूपावर अंशतःच चालते, हीच क्रॉस-इम्युनिटी. समजा, एक रुग्ण सरासरी दीड व्यक्तींना बाधा देतो. संरक्षण पूर्ण असेल, तर एक तृतीयांश लोक सुरक्षित असले तरी साथ पसरू शकत नाही. संरक्षण निम्मेच असेल, तर दोन तृतीयांश लोकांना ते लाभलेले असावे लागते.

ही स्मृती किती दीर्घ असते, हे २००९ च्या एच१एन१ साथीत दिसले. साठीपुढील लोकांना लागण तुलनेने कमी झाली. त्यांच्यापैकी अनेकांची बालपणीच १९१८ च्या विषाणूच्या वंशजांशी गाठ पडलेली होती. मुले व तरुण यांच्यापाशी ती शिदोरी नव्हती. म्हणून फ्ल्यूच्या प्रतिमानात वय आणि पूर्वीच्या बाधा यांचाही हिशेब धरावा लागतो.

लहान मुलाची पाटी तर बरीचशी कोरीच. त्यामुळे नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात. पुढे दरवर्षी एक. लसीचे संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते, आणि आपल्याकडे साथीचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो. थंडीची वाट पाहत बसण्यापेक्षा एप्रिल-मे मध्येच लस घेणे हिताचे. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. त्याला आधार असतो तो आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीचा आणि घरातील इतरांच्या लसीकरणाचा.