बेंबीतली रिंग आणि प्लॅस्टिकची नळी

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. तीन वर्षांपूर्वी बेंबीजवळ टोचून घेतलं होतं. पोट वाढतंय तशी स्टीलची रिंग ओढल्यासारखी वाटते. ती काढली तर भोक बुजेल अशी भीती वाटते. सलाइनच्या नळीचा तुकडा घातला तर चालेल का?

उत्तर : सलाइनची नळी नको. ती बहुधा पीव्हीसीची असते आणि लवचीक राहावी म्हणून तिच्यात मिसळलेली रसायनं पाझरू शकतात. शिवाय घरी कापलेली कड धारदार राहते. मासेमारीची नायलॉन दोरीही वापरू नका.

यासाठी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची लवचीक दांडी मिळते. ती वाकते, तिच्यात निकेल नसतं आणि निर्जंतुक करण्याच्या ऑटोक्लेव्ह यंत्रातलं १२१ अंश सेल्सिअस तापमान ती सहज सोसते. बेंबीसाठी साधारणपणे १.६ मिलिमीटर जाडी लागते. पण तुमच्या रिंगची जाडी मोजूनच घ्या. लांबी थोडी जास्त ठेवा, म्हणजे त्वचा ताणली तरी टोकाचे मणी रुतणार नाहीत. निर्जंतुक केलेली दांडी अनुभवी व्यक्तीकडून बसवून घ्या. ओरखडे पडले, रंग बदलला की ती बदला.

भोवतीची त्वचा पातळ, चकचकीत दिसू लागली तर दागिना काढलेलाच बरा; भोक पुन्हा पाडता येतं. पू, ताप किंवा वाढती लाली असेल तर मात्र स्वतः काढू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. सिझेरियन करायची वेळ आली तर प्लॅस्टिकचा दागिनाही उतरवावा लागेल, कारण पोटाची त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करायची असते.