पाळणाघर सुरू करताय? आधी ताया मोजा, मग भिंतीचा रंग निवडा



पाळणाघर किंवा नर्सरी काढायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, सेटअपला किती लागतील?" मग यादी सुरू होते. भिंतीवर कार्टून, घसरगुंडी, एसी, कॅमेरे, बाहेर मोठा फ्लेक्स. व्हिडिओत आपण जागा आणि भांडवल बघितलं. आज त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ: चांगलं पाळणाघर म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण या धंद्यात तुम्ही जे विकता ते पैसे देणाऱ्याला दिसत नाही. पालक सकाळी दारात मूल सोपवतात आणि संध्याकाळी दारातूनच परत नेतात. मधले आठ-नऊ तास तुमच्या भरवशावर. आणि ते तास जो प्रत्यक्ष जगतो, तो तुमचा खरा ग्राहक दीड वर्षाचा आहे. त्याला तक्रारही करता येत नाही.

म्हणून दर्जाची सोपी व्याख्या लिहून ठेवा: एका ताईमागे किती मुलं, ती ताई किती दिवस टिकते, आणि ती दिवसभर मुलांशी कशी बोलते-वागते. बाकी सगळं यानंतर.

१) पैसा वस्तूंवर कमी, माणसांवर जास्त

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. पुढे हे काम कोसबाडला गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. मोजायला, रंग ओळखायला, मांडामांड करायला ती पुरली. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली.

उद्योजकाने यातून काय घ्यायचं? खेळणी स्वस्तात भागतात, चांगली ताई स्वस्तात भागत नाही. डबे, झाकणं, वाळू, पाणी, जुने दुपट्टे, ठोकळे यांतून मूल तासभर रमतं. पण पडल्यावर उचलून घेणारं माणूस लागतंच.

२) एका ताईमागे किती मुलं?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक असं प्रमाण आहे. 'किमान' हा शब्द विसरू नका. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या ३ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. आपल्याला तिथपर्यंत जाणं परवडेलच असं नाही, पण दिशा कळते: मूल जितकं लहान, तितके हात जास्त.

३) आता हिशेब

समजा १८ मुलांची जागा आहे. ८ मुलं तीन वर्षांखालची, त्यांना दोन ताया. १० मोठी, त्यांना एक ताई. महिन्याचा खर्च उदाहरणादाखल मांडू:

- भाडं: १५,०००
- तीन तायांचा पगार (प्रत्येकी १४,०००): ४२,०००
- साफसफाईच्या मावशी, अर्धवेळ: ६,०००
- खाऊ, दूध: ९,०००
- वीज, पाणी, साबण-फिनेल: ४,०००
- साहित्य, दुरुस्ती, बदली ताईसाठी राखीव: ४,०००
- तुमचा स्वतःचा पगार: २०,०००

एकूण १,००,०००. सगळ्या जागा कायम भरलेल्या नसतात, म्हणून १६ मुलांवर भागा. एका मुलामागे ६,२५० रुपये. याच्या खाली फी म्हणजे तोटा. हे आकडे फक्त पद्धत कळण्यासाठी आहेत. तुमच्या गावचं भाडं आणि तुमच्या भागातलं किमान वेतन घालून पुन्हा मांडा.

आता मोह कुठे होतो ते बघा. समोरच्या गल्लीत कुणी ५,५०० घेतंय. तुम्हाला वाटतं, एक ताई कमी करू. १४,००० वाचले, म्हणजे मुलामागे ८७५ रुपये. फी साधारण ५,३७५ वर आली. पण दुपारी बारा वाजता काय होतं? एक ताई एकाचा डायपर बदलायला आत जाते. बाहेर दुसरी ताई, १५ मुलं, एक रडतंय, एकाने नाकात दाणा घातलाय. तुम्ही ८७५ रुपयांत काय विकून टाकलंत, ते इथे कळतं.

४) दिवसभर व्हायला काय हवं?

एक, *बोलणं*. मूल बोट दाखवून "ऊं" म्हणालं की ताईने म्हणायचं, "हो रे, कावळा बसलाय! काय करतोय?" भरवताना, शी-शू करवताना, कपडे बदलताना बोलत राहायचं. लहान मुलाचा भाषेचा तास तोच. टीव्ही लावून हे होत नाही.

दोन, *खेळ*. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि भर खेळातून, शक्यतो घरच्या भाषेतून शिकण्यावर आहे. तरी पालक विचारणारच, "एबीसीडी कधी लिहायला लावणार?" वाद घालू नका. सांगा, "मणी ओवणं, कणीक मळणं, कागद फाडणं यातून बोटं तयार होतायत. बोटं तयार झाली की पेन्सिल आपोआप धरेल." आणि ते करताना मूल त्यांना दाखवा.

तीन, *ठरलेली ताई*. प्रत्येक मुलाची एक ताई ठरवा. आल्यावर घेणारी तीच, झोपवणारी शक्यतो तीच.

५) इथे तडजोड नाही

- प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी.
- मूल कोण नेणार याची लेखी यादी. यादीत नाव नसेल तर सख्ख्या काकांनाही पालकाला फोन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही.
- मुलांसोबत एकटंच मोठं माणूस बंद खोलीत नको.
- तान्ह्या बाळाला पाठीवरच झोपवायचं, तोंडाजवळ उशी-गोधडी नाही.
- डायपर बदलल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुणं.
- ताप किंवा जुलाब असलेलं मूल त्या दिवशी घरी. हा नियम प्रवेशाच्या दिवशीच सांगा.

६) ताई टिकवा

दर तीन महिन्यांनी ताई बदलली की मूल पुन्हा पहिल्या दिवसासारखं रडतं, आणि पालक दुसरं पाळणाघर शोधू लागतात. वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी, जेवायला शांत अर्धा तास (तेवढा वेळ तुम्ही मुलांत बसा), आणि पालकांसमोर तिला मान. "आमच्या बाई" नको, "आमच्या ताई" म्हणा.

शेवटी धंद्याची एक गोष्ट. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे तुम्ही जाऊ शकता. पण त्यांचा एचआर भिंतीचा रंग नाही, तुमची नोंदवही आणि तायांची संख्या विचारेल अशी तयारी ठेवून जा.

आजचा गृहपाठ: वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी वहीत मांडा. मग स्वतःला विचारा, याच पाळणाघरात, एवढ्याच तायांच्या हाती, मी माझं मूल नऊ तास ठेवीन का? उत्तर 'हो' येईपर्यंत फ्लेक्स छापायला देऊ नका.