ओळखीचे जाळे आणि त्याची मोजदाद

पुणे शहरातील आजचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. इ. स. १९०० मध्ये तेथील माळावर महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी झोपडी उभारली. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन आटोपून ते हिंगण्यास पायी जात आणि सुटीच्या दिवसांत गावोगाव हिंडून वर्गणी जमवीत. त्यांच्या चरित्रातील एक लहानशी गोष्ट आपल्या विषयास उपयोगी आहे. एकदा त्यांस टपालाने एक पुस्तिका आली. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती तीत होती. ती त्यांनी चाळून बाजूस ठेवली. पुढे १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांजकडे आले, तेव्हा ती त्यांना आठवली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. ती पुस्तिका आणखी किती जणांस गेली होती, हे आज कोणी विचारीत नाही. एका माणसाच्या हाती ती कामास आली, एवढ्यावरून तिचे मोल ठरले.

आज पुस्तिकेची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. गावोगावी व्हॉट्सॲपचे गट आहेत, फेसबुकवर पिकांचे समूह आहेत. तरीही बहुतेक शेतकरी बांधवांचा अनुभव असा की, निरोप पुष्कळ येतात आणि काम थोडे होते. याचे एक कारण असे की, आपण आपल्याच माणसांत बोलत राहतो.

मुळशी किंवा मावळ तालुक्यातील एखादा भात उत्पादक घ्या. त्याच्याजवळ इंद्रायणी तांदूळ आहे आणि व्यापाऱ्याने सांगितलेला भाव त्यास परवडत नाही. गावच्या गटावर त्याने विक्रीचा निरोप टाकला, तर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तोच तांदूळ असतो! त्याला हवा आहे तो कर्वेनगरातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेत राहणारा, वर्षाचा तांदूळ एकदम भरणारा कुटुंबप्रमुख. तेथवरचा मार्ग जवळच्या मित्राकडून क्वचितच जातो. शहरात नोकरीस गेलेला वर्गमित्र, मामेबहिणीचे सासर, एकदा शेतावर येऊन गेलेला पाहुणा, अशा दूरच्या ओळखीतून तो जातो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हाच विचार मांडला. अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारले, की ज्याने वार्ता दिली तो तुम्हांस कितीदा भेटत असे? वारंवार भेटणारा असे सांगणारे शंभरात सुमारे १७ निघाले. उरलेल्यांना नोकरीची वार्ता अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याने दिली होती. जवळच्या माणसास जे ठाऊक असते, ते बहुधा आपणांसही ठाऊक असते. नवी वार्ता बाहेरून येते. तज्ज्ञ, यंत्र दुरुस्त करणारा कारागीर, चांगले बियाणे राखणारा शेतकरी, यांचा शोधही याच रीतीने घ्यावा.

यासाठी निरोप असा लिहावा की, आपणांस न ओळखणाऱ्यासही तो कळावा. ‘आपल्या घरचा तांदूळ आला आहे’ हे वाक्य तिसऱ्या माणसाकडे गेले की निरर्थक होते. गाव, तालुका, तांदळाचे वाण, कापणीचा महिना, किती किलोची पिशवी, भाव, पोहोचविण्याचा वार आणि आपले नाव, एवढे त्यात असावे. दुसऱ्याचा क्रमांक त्यास विचारल्याविना पुढे देऊ नये. प्रसारण यादीतून पाठविलेला निरोप ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. म्हणून पहिल्या भेटीतच नव्या ग्राहकास आपला क्रमांक जतन करण्यास सांगावे.

आता मोजदाद. प्रस्तुत लेखकाने एके काळी आपल्या मासिक अहवालात गटातील सभासदांची संख्या मोठ्या अभिमानाने लिहिली होती. पुढे शिवारात फिरताना दिसून आले की, सांगितलेली बीजप्रक्रिया करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. सभासदसंख्या, पसंतीचे अंगठे व नमस्काराची चित्रे ही हजेरी झाली. तीवरून काम कळत नाही.

साध्या वहीत चार रकाने पुरतात. उदाहरणार्थ, भाताच्या बीजप्रक्रियेचा निरोप घ्या : दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवून सावलीत वाळवावे. समजा, हा निरोप ६० जणांच्या गटात टाकला. निरोपावर बोट दाबून ‘माहिती’ पाहिली, तर ४८ जणांनी वाचल्याचे कळते. नऊ जणांनी काही विचारले. चौघांनी प्रत्यक्ष केले, आणि ते आपण त्यांच्या अंगणात पाहिले. म्हणजे वाचणाऱ्या बारांत एकाने केले. पुढील निरोपात तरंगत्या दाण्यांचे छायाचित्र घालावे व हेच चार आकडे पुन्हा लिहावेत. आठांत एकाने केले, तर छायाचित्राचा उपयोग झाला असावा असे धरून चालावे. मात्र पेरणी तोंडावर आली असता आकडा आपोआप वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. शेजारच्या गावाच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. तेथील गट वेगळा, माणसे वेगळी.

विक्रीच्या वहीत एक रकाना अधिक हवा. प्रत्येक नव्या ग्राहकास विचारावे, ‘आमची माहिती आपणांस कोणाकडून मिळाली?’ आणि उत्तर त्याच्या नावापुढे लिहावे. हंगामाच्या शेवटी पंचवीस ग्राहकांपैकी अठरा कर्वेनगरातील एकाच काकूंच्या शब्दावरून आले, असे दिसू शकते. मग त्या काकूंना पुढील वर्षी पहिली पिशवी, तीही नीट पाखडलेली, पोहोचली पाहिजे. दुसऱ्या वर्षी पुन्हा मागणी करणारे किती, तेही लिहावे. एकदा घेऊन गप्प बसलेल्यास दूरध्वनी करून कारण विचारावे. तांदळात खडे निघाले असतील, तर ते तोच सांगेल. गटावर कोणी सांगणार नाही.

ज्या निरोपावर ‘अनेकदा पुढे पाठविलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण असते, तो फार फिरला एवढेच त्यावरून कळते. औषधाचे प्रमाण अशा निरोपावरून कधीही घेऊ नये. औषधाच्या वेष्टनावरील चिठ्ठी वाचावी किंवा कृषी विज्ञान केंद्रास विचारावे.

अमेरिकेतील आयोवा प्रांतात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याचा अभ्यास रायन व ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीतील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणे स्वीकारले होते. वार्ता प्रथम विक्रेत्याकडून कळली असे सांगणारे सर्वांत अधिक होते. परंतु बियाणे पेरण्याचा निश्चय मुख्यतः शेजाऱ्याचे पीक पाहून व त्याचे ऐकून झाला. म्हणून ज्या चौघांनी मिठाच्या पाण्याची प्रक्रिया केली, त्यांपैकी एकाची रोपवाटिका रस्त्याकडेला असेल, तर तिचे छायाचित्र गटावर टाकावे आणि त्याच आठवड्यात तेथे दहा जणांना बोलवावे. कोण आले, ते वहीत पाचव्या रकान्यात लिहावे.