अभ्यंगापूर्वीची दहा मिनिटे

चिकित्सालयात येणारा रुग्ण ‘मालिश करून हवी’ एवढेच सांगतो. त्या एका शब्दामागे कोणाच्या मनात आजीने न्हाऊ घालताना लावलेले तेल असते, कोणाच्या मनात तालमीतील रगडणे, तर कोणाच्या मनात हॉटेलातील सुगंधी खोली. आपल्या शास्त्रात मात्र अभ्यंग, मर्दन, संवाहन व उद्वर्तन ही स्वतंत्र कर्मे असून त्यांचे अधिकारी रुग्णही वेगळे आहेत. व्यावसायिक अभ्यंगापासून रुग्णाने काय अपेक्षावे आणि ती अपेक्षा यथार्थ राहावी म्हणून आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आमचा एक अनुभव नोंदवितो. त्यात चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका बाईंच्या घोट्याच्या अस्थिभंगाचे प्लास्टर नुकतेच निघाले होते. पोटरी दुखते व जखडते, असे त्यांनी दूरध्वनीवर सांगितले. वातप्रकोप गृहीत धरून आम्ही अभ्यंग व नाडीस्वेद लिहून दिला. पाय पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी परिचारिका ताईंनी तेल कोमट करून घेतले, पण पाय उघडा करताच त्या थांबल्या व आम्हांस बोलावून म्हणाल्या, “सर, ही पोटरी दुसरीपेक्षा जाड आहे आणि हाताला गरम लागते. तुम्ही पाहिल्याशिवाय मी तेल लावणार नाही.” फीत लावून पाहिली तो घेर तीन सेंटिमीटरने अधिक भरला. त्याच दिवशी केलेल्या डॉप्लर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. मर्दनाने ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झाले असते, हे व्यवसायबंधूंना सांगावयास नको. रुग्णा योग्य उपचारांनी बरी झाली. आम्ही मात्र त्या दिवसापासून नियम केला की, वैद्याने स्वतः तपासल्याशिवाय तेल गरम करावयाचे नाही.

पूर्वपरीक्षण

अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात कफाने ग्रस्त, नुकतेच शोधन झालेला व अजीर्ण असलेला अशा तिघांना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात आमदोष व तरुण ज्वर यांतही तो निषिद्ध मानला आहे. म्हणून जिव्हा, भूक, मलप्रवृत्ती व तापमान पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. या यादीस आज काही प्रश्न जोडावे लागतात. एका पायास सूज आहे काय? नुकतीच शस्त्रक्रिया, प्लास्टर अथवा दीर्घ प्रवास झाला आहे काय? रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे काय? स्त्री गर्भवती आहे काय? त्वचेवर जखम वा संसर्ग आहे काय? तेलाची असात्म्यता आहे काय? मधुमेही रुग्णाच्या तळपायांची संवेदना अवश्य तपासावी. बधिर पायास पोटळीचा चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच तो लक्षात येतो.

या सर्वांस दहा मिनिटे पुरतात.

प्रत्यक्ष कर्म

रुग्णास पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात. स्त्रीसाठी स्त्री व पुरुषासाठी पुरुष परिचारक असेल. ज्या अवयवावर काम चालू आहे तेवढाच उघडा राहील. दाब अधिक वाटल्यास अथवा संकोच झाल्यास त्याने तत्काळ सांगावे. कर्म तेथेच थांबविले जाईल. तेल कोमट असेल आणि परिचारक ते आधी स्वतःच्या मनगटावर पाहील. शाखांवर लांब हात फिरतील व सांध्यांवर वर्तुळाकार.

सर्वांगास साधारण पाऊण तास लागतो. घाईचे समर्थन शास्त्रात नाही. डल्हणाने तेल रोममुळापासून मज्जेपर्यंत पोहोचण्यास ३०० ते ९०० मात्रांचा काल क्रमाने सांगितला आहे. म्हणजे एकेका भागावर काही मिनिटे द्यावयास हवीत. वीस मिनिटांत सर्वांग उरकणारे चिकित्सालय केवळ तेल चोपडते, असेच म्हणावे लागेल.

कर्मानंतर थोडी विश्रांती, मग कोमट पाण्याने स्नान व हलका आहार असावा. त्या दिवशी वारा व अतिश्रम टाळावेत. अंग हलके वाटणे, झोप लागणे, जखडण कमी होणे ही अपेक्षित लक्षणे होत. खोल मर्दनानंतर एखादा दिवस अंग दुखू शकते. निळे डाग, पुरळ, चक्कर अथवा वाढती वेदना मात्र अपेक्षित नाही. तसे झाल्यास रुग्णाने लगेच कळवावे.

काय आश्वासन द्यावे

जुन्या कंबरदुखीत मालिशीने काही काळ आराम मिळतो, असे आधुनिक अभ्यासांतही दिसते. दीर्घकालीन लाभाचा पुरावा मात्र दुबळा आहे. म्हणून ‘सात दिवसांत कायमचे बरे’ असे सांगू नये. उद्वर्तन कफ व मेद यांवर सांगितले आहे खरे, पण आहार व व्यायामाशिवाय वजन उतरेल, असा त्याचा अर्थ नव्हे. लठ्ठपणा व पक्षाघात बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याखालीही येते, हे दरपत्रक छापताना ध्यानात ठेवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

गुडघ्याचे तेल मागणाऱ्या ग्राहकास बाटली देण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: सूज एकाच बाजूस आहे काय, आणि ताप आहे काय? उत्तर ‘होय’ आल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे. बॅच क्रमांक व मुदत पाहूनच तेल द्यावे. चिकित्सालयांनीही एका रुग्णासाठी काढलेले उरलेले तेल दुसऱ्यास वापरू नये.

परिचारक हा आपला हात असतो. त्या दिवशी तो आमचा डोळाही झाला. आपल्या परिचारकांस हात कसा फिरवावा हे आपण शिकवितोच. हात केव्हा उचलावा हेही शिकवावे, आणि त्यांनी तो उचलला तर त्यांचे ऐकावे.